गफूरभाईंच्या दगडांचा भाव

आमचे शेजारी नामदेवअण्णा कुठल्याही गोष्टीवर पहिलं मत एकच देतात : "आदी वाळू द्या." माझ्या भाचीचं लग्न ठरलं म्हणून मी पेढे घेऊन गेले. एक पेढा तोंडात टाकून अण्णा म्हणाले, बरं झालं, पण आधी वाळू द्या, मग बोलू. उरलेले पेढे परत न्यावेत असं माझ्या मनात आलं.

त्यांचाही दोष नाही म्हणा. उभा जन्म मानवतच्या जिनिंगवर कापूस पारखण्यात गेला. वजन वाढावं म्हणून काही लोक गाडी भरताना कापसावर पाणी मारतात. अण्णा गाडीत कोपरापर्यंत हात घालून आतला मूठभर कापूस काढायचे, गालाला लावायचे आणि निकाल द्यायचे. तेव्हापासून जगातली प्रत्येक गोष्ट कुणीतरी पाणी मारून आणली आहे, असा त्यांचा पक्का समज आहे.

गेल्या उन्हाळ्यात मी कुरडया घालायला गच्चीवर गेले, तर गच्ची दगडांनी भरलेली. दुधी, तांबूस, हिरवट, कुठे अंड्याएवढे, कुठे नारळाएवढे. मधोमध डोक्यावर ओला पंचा घेऊन अण्णा. त्यांनी मला टाकीखालची सावली दाखवली आणि इथं माल वाळतोय म्हणून सांगितलं. सावलीत कुरडया वाळतात का, हे विचारायची सोय नव्हती.

हे दगड गफूरभाईंचे. गफूरभाई जिनिंगच्या काट्यावर होते. सुट्टीच्या दिवशी चारठाण्याकडचे माळ तुडवत हिंडायचे आणि अकीक म्हणा, गारा म्हणा, असले रंगीत कच्चे दगड पिशवीत भरून आणायचे. अण्णांनी आयुष्यभर त्यांची टर उडवली. चहाच्या प्रत्येक कपाबरोबर त्यांचा प्रश्न ठरलेला असे : "दगडाला कुटं भाव असतो का रे, गफूर?"

त्याच्या आदल्या पावसाळ्यात गफूरभाई गेले. त्यांच्या बायकोच्या, शमीमभाभींच्या घराचे पत्रे गळायला लागले होते, ते बदलायला पैसे हवे होते. एक व्यापारी आला आणि सगळ्या पोत्यांना किलोवर एकच भाव देतो म्हणाला. भाभी थेट अण्णांकडे आल्या. "अण्णा, कापसाचा भाव तुमी करत होते. ह्येचा बी तुमीच करा."

अण्णांना दगडातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण ते "करतो" म्हणाले, आणि अण्णा एकदा करतो म्हणाले की विषय संपला.

व्यापाऱ्याने रंग बघायला एका दगडावर बाटलीतलं पाणी ओतलं. अण्णांनी बाटलीच हिसकावली. माझ्या डोळ्यादेखत पाणी मारतोस, म्हणून त्याला हाकलून दिलं. घेणारा स्वतःच वजन कशाला वाढवेल, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. गच्चीवरचं वाळवण त्याच दुपारी सुरू झालं होतं.

मग ते एसटीने परभणीला गेले. तिथे अंगठीचे खडे घासून देणारा एक म्हातारा कारागीर आहे. तो पोटभर हसला आणि मग त्याने समजावून सांगितलं. कोरड्या दगडाचा रंग कळत नाही, तो भिजवूनच बघायचा. भिजवला की बाकीचा दगड लवकर वाळतो, पण चीर असेल तिथे पाण्याची रेघ मागे राहते. असा दगड घासताना फुटतो, म्हणून त्याला भाव नाही. अण्णा तरतरीत होऊन परतले. आपलं फारसं चुकलं नव्हतं, वाळवायचंच होतं, फक्त आधी भिजवायचं होतं, असं त्यांनी मला जिन्यातच ऐकवलं.

पुढे सगळा उन्हाळा बादली, दगड आणि अण्णा. सरावासाठी त्यांनी स्वतः एक हिरवा खडा विकत घेतला, तो बाटलीची काच निघाली. तो आता देवघरात आहे. पण त्यांनी शिकणं सोडलं नाही. चार ठिकाणी भाव विचारले, चीर असलेले दगड बाजूला काढले, रंगावरून ढीग लावले. व्यापारी पुन्हा आला तेव्हा अण्णांनी त्याच्या हातात बाटली स्वतःच दिली. "भिजव. पन एका भावात माल जानार न्हाई. ढिगाढिगानं बोल."

व्यापारी दोनदा मोटारसायकलीपर्यंत जाऊन परत आला. पहिला पाऊस यायच्या आत भाभींच्या घरावर नवे पत्रे होते.

एक दगड मात्र उरला. मुठीएवढा, निळसर रेघांचा, मधोमध चीर. भाभी म्हणाल्या, राहू द्या तुमच्याकडेच. तेव्हापासून अण्णा रोज तो भिजवून कठड्यावर ठेवतात आणि समोर बसतात. परवा यंदाच्या कुरडया घेऊन वर गेले, तर तेच. हा आता कुणाला विकायचाय, असं मी चेष्टेने विचारलं.

"कुनाला न्हाई," अण्णा म्हणाले. "बाकीचा वाळला, बाई. चीर तेवढी वाळंना."

त्यांनी चिरेवरून अंगठा फिरवला.

"दगडाला भाव असतो, येवढं गफूरला सांगायचं राहिलं."

मी परात उचलली आणि कुरडया टाकीखालच्या सावलीत घातल्या.