बाथरूमचा निकाल

सूनबाईंचा कायदा साधा होता: सकाळी बाथरूम प्रत्येकाला दहा मिनिटं, मग बाहेरच्याने खुशाल दार वाजवावं. घर सुरळीत चाललं होतं. पण सासरे होते निवृत्त न्यायमूर्ती, आणि निकाल द्यायला मिळत नसल्याने त्यांचे हात शिवशिवत होते.

"आजोबा, दहा मिनिटांत माझे केस तरी ओले होतात का?" कॉलेजात जाणाऱ्या नातीने गाऱ्हाणं मांडलं.

न्यायमूर्तींनी चहाचा कप बाजूला सारला, घसा खाकरला आणि कायदा रद्द केला. तेवढ्यावर थांबतील तर ते न्यायमूर्ती कसले? कोणी विचारलं नसताना त्यांनी स्वतःहून हुकूम सोडले. आत गेलेल्याने मनाला येईल तेव्हा बाहेर यावं, दाराला कोणी बोटही लावू नये आणि हा निकाल अंतिम, पुन्हा सुनावणी नाही.

"घर कोण चालवणार, तुम्ही का मी?" सूनबाईंनी विचारलं.

"तूच चालव. मी फक्त न्याय देतो," ते प्रसन्नपणे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नात आत शिरली ती शिरलीच. चिरंजीवांनी स्वयंपाकघरातल्या नळावर एका गालाची दाढी उरकली आणि ऑफिस गाठलं. न्यायमूर्ती खांद्यावर टॉवेल टाकून येरझाऱ्या घालत राहिले. वकिलांच्या सभेत त्यांचं व्याख्यान होतं. निवृत्तीनंतर प्रथमच कोणीतरी आठवणीने बोलावलं होतं, आणि न्यायला आलेली गाडी दारात उभी होती. विषय होता, 'न्यायालयांनी आपली मर्यादा ओळखावी'.

"सूनबाई, जरा दार वाजव ना."

"बोटही लावायचं नाही, बाबा. तुमचाच हुकूम."

न्यायमूर्ती लांबूनच ओरडले, "बाळा, मी कालचा निकाल मागे घेतो!"

"अंतिम म्हणालात ना, आजोबा!" पाण्याच्या आवाजातून उत्तर आलं.

जन्मभर लोकांना तारखा देणारे न्यायमूर्ती मटकन खुर्चीत बसले. "आता गं?"

"आता नवा कायदा हवा. तो करायचा कुणी?"

"तू," ते पुटपुटले.

"जरा मोठ्यांदा."

"तूच गं बाई, तूच!"

सूनबाईंनी दाराला बोटही न लावता बाहेरचं गीझरचं बटण बंद केलं. आतून किंकाळी आली आणि पाठोपाठ नात. न्यायमूर्ती आत धावले. कायदा सर्वांना सारखा असल्याने पाणी त्यांनाही गारच मिळालं.

व्याख्यान मात्र भलतंच रंगलं. 'मर्यादा' म्हणताना त्यांचा आवाज असा काही कापत होता, की पुढच्या रांगेतल्या वकिलांनी रुमाल काढले.

"लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं गं," घरी परतताच ते समाधानाने म्हणाले. "पाय शेकायचेत. जरा गीझर लावतेस?"

"रीतसर अर्ज करा, बाबा," सूनबाई म्हणाल्या. बटण मात्र त्यांनी गाडीचा आवाज ऐकूनच दाबलं होतं.