अमेरिकेचं मावंदं

हेमराजनं अमेरिकेचं मावंदं घालायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यात आधी लटारूभाऊंच्या पोटात दुखलं. काशी-रामेश्वराहून आलेल्या माणसानं मावंदं घालावं, गंगाजलाची पूजा करावी, चार लोकांना जेवू घालावं, हे ठीक. पण पोरीकडे शिकागोला जायचं, तिथून दोन रात्री आगगाडीत बसून सॅन फ्रान्सिस्कोचा समुद्र बघायचा, आणि वरोऱ्यात येऊन पंगती उठवायच्या?

"अमेरिका काय तीर्थ हाये का?" लटारूभाऊ बायकोवर खेकसले.

"आशाबाईनं नवस बोलला होता," सीताबाई म्हणाल्या. "नवरा सुखरूप परत आला तं मावंदं घालीन म्हणून. आन पाया पडा लागते बरं का जी. यात्रेहून आलेल्याच्या पाया पडतेत, मोठा काय न् लहान काय."

खरी मेख इथंच होती. हेमराज वयानं लहान. त्याच्या चड्डीची नाडी लटारूभाऊंनी बांधून दिलेली. शिवाय भाऊ एकदा रामेश्वरला जाऊन आले होते, आणि तेव्हापासून गल्लीत आगगाडीवर बोलायचा हक्क त्यांचाच होता. तो हक्क गेला तो गेला, वर त्या पोराच्या पायावर डोकं ठेवायचं? भाऊंच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"आधी त्याचा प्रवास खरा का खोटा, ते पाह्यतो," ते म्हणाले.

त्या गाडीचे व्हिडिओ मोबाइलवर निघाले. कोणी हौशी माणसानं खिडकीला कॅमेरा लावून तासन्‌तास सोडून दिलेला. भाऊ आपल्या बी-खताच्या दुकानात आणि घरीही तेच पाहत बसू लागले. युरिया मागणाऱ्याला डीएपी मिळालं. आंघोळीचं पाणी निवलं. सीताबाई ओरडल्या, "अवो, गॅस बंद करा न, भाजी करपून राह्यली!" तर म्हणे, "थांब, बोगदा आला!"

मावंद्याच्या दिवशी पाटावर समुद्राच्या पाण्याची बाटली होती, हळदकुंकू लावलेली. शेजारी हार घालून हेमराज. पाया पडण्याआधी यात्रेची हकीकत ऐकायची रीत, म्हणून गल्लीतल्या बुधूनं विचारलं, "मंग भाऊ, गाडीतून काय काय दिसलं?"

"काय सांगू! डोंगर. मोठे मोठे डोंगर."

"आन वावरं? पीक कोनतं घेतेत?"

हेमराज अडखळला. "पीक नाई राहत तिथी. समदा बर्फच बर्फ."

झालं! भाऊंना राहवेना. "काऊन खोटं बोलून राह्यला बे? पह्यले मका आन सोयाबीन! नजर पोचते तिथवर सोयाबीन! मंग डेन्वर. मंग असा लांब बोगदा का डब्यात अंधार. भाईर निघालं का खाली नदी, गाडीच्या संगसंग चाललेली!"

सोयाबीनचं नाव निघताच अख्खा मांडव भाऊंकडे वळला. भाऊही रंगात आले. हातवारे सुरू झाले, गाडीच्या शिट्ट्या झाल्या. तेवढ्यात म्हातारी सुकरीबाई उशिरा आली. हकीकत सांगतो तोच यात्रेकरू, असं समजून ती सरळ भाऊंच्या पाया पडली. तिच्यामागं रांगच लागली.

"तुमी कवा गेल्ते जी? सांगतलं नाई!" बुधूनं विचारलं.

मी नाही गेलो, असं सांगायला भाऊंनी तोंड उघडलं. पण खोटं कशाला बोला, फार बरं वाटत होतं. सीताबाईंनी डोळे वटारले. आशाबाई हातातला झारा घेऊन उभ्याच राहिल्या. शेवटी हेमराजनंच भाऊंचा दंड धरला आणि त्यांना मांडवामागं, चुलखंडाकडे ओढत नेलं. आता हा मारतो, असं भाऊंना वाटलं.

"भाऊ," हेमराज हळूच म्हणाला, "त्या नदीच्या पुढं काय होतं?"

"अबे, गेल्ता तं तू!"

"गेल्तो जी. पण व्याही संग होता, नागपूरचा. तो आधीच स्वित्झर्लंडच्या गाडीत बसून आलेला. डोंगर दिसला का म्हणे, 'हे काईच नाई, हेमराजजी.' नदी दिसली, 'हे काईच नाई.' माह्या जिवाची अशी आग झाली, मी सारा रस्ता त्याच्याच थोबाडाकडं पाहत बसलो. खिडकीकडं पाह्यलंच नाई."

भाऊंना हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. ते सरपणावर बसले आणि हेमराजला त्याचाच प्रवास सांगू लागले. नदीनंतरचे लाल डोंगर, ओसाड माळ, मग देवदारांवरचा बर्फ. हेमराज तोंड उघडं टाकून ऐकत होता. पंगतीला बोलवायला आलेल्या आशाबाईंना त्यानं दोनदा परत पाठवलं.

"रविवारी येऊन राह्यला तो व्याही," शेवटी तो म्हणाला. "तुमी येजा भाऊ. मी एकटा पुरत नाई त्याले."

भाऊंच्या पोटात पुन्हा दुखू लागलं, पण या वेळी कधी न पाहिलेल्या माणसासाठी.

"येतो ना!" खिशातून मोबाइल काढत ते म्हणाले. "स्वित्झर्लंडले बोगदे किती हायेत बे?"