अंगातलं पाणी

बाजारातले काटे वजनमापे निरीक्षकाला पाहिलं की आपोआप सरळ व्हायचे. त्यामुळे आपला हिशेब चुकू शकतो, हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. मेहुण्याकडचं दुपारचं जेवण आटोपलं, वाइनचे दोन ग्लास पोटात गेले आणि बायकोने गाडीची किल्ली मागितली, तेव्हा तो नुसता हसला.

“रक्तात किती दारू आहे, ते मी आत्ता काढून दाखवतो.”

किल्ली देणं परवडणारं नव्हतं. सासूबाई स्वतः गाडी चालवण्यात पटाईत. दुसऱ्याच्या हाती चाक द्यायला त्या आज पहिल्यांदाच तयार झाल्या होत्या. ही संधी हुकली असती, तर सासुरवाडीत त्याचं उरलंसुरलं वजनही गेलं असतं.

सूत्र सोपं होतं. पोटात गेलेली दारू भागिले अंगातलं पाणी, आणि पाणी वजनावरून काढायचं.

“वजन किती?” मेहुण्याने मोबाइल काढला.

“अडुसष्ट.” लग्न ठरल्यापासून तो अडुसष्टच होता.

उत्तर मर्यादेच्या वर गेलं. बायकोने हात पुढे केला.

“थांब गं. बहात्तर धर.”

तरी वरच.

“अठ्ठ्याहत्तर.”

“अहो, तुम्ही वजन सांगताय की बोली लावताय?” बायको म्हणाली.

त्याला दरदरून घाम फुटला. कान तापले होते, आकडे एकमेकांत मिसळत होते. शेवटी बाथरूममधला वजनकाटा आला. तो बूट काढून वर चढला आणि आनंदाने ओरडला, “एक्क्याण्णव! बसलो मर्यादेत!”

बायको त्याच्याकडे नव्याने बघू लागली.

तेवढ्यात मेहुण्याची बायको रिकामी बाटली घेऊन आली. “कसली दारू मोजताय? तुम्ही गाडी चालवणार म्हणून तुम्हाला द्राक्षाचा रस दिला होता.”

मेहुण्याने पुन्हा गणित केलं. शून्य.

“मग मला गरगरतंय कशाने?” निरीक्षक पुटपुटला. त्याला खरंच काही कळेना.

जावयाचं पाणी सासूबाईंनी केव्हाच जोखलं होतं. त्यांनी त्याच्या हातातली किल्ली काढून घेतली.

“आई, पण शून्य आलंय.”

“म्हणूनच तर, जावईबापू. दारू असती तर संध्याकाळपर्यंत उतरली तरी असती.”