खिशाशी बोलणारा शरीफ

शरीफ वर्गात स्वतःच्या शर्टाच्या खिशाशी बोलायचा. समोर अर्थशास्त्राचं लेक्चर चालू आणि हा हनुवटी छातीला टेकवून पुटपुटतोय. सर त्याला आठवड्यातून एकदा तरी बाहेर काढत. मुलं त्याला 'खिसा' म्हणत.

खिशात त्याचा मोबाइल असे, रेकॉर्डिंग चालू केलेला. ते रेकॉर्डिंग माझ्यासाठी. मी सकाळी सहा ते दोन न्हावा शेव्याला एका कंटेनर यार्डाच्या गेटवर नंबर उतरवायचो आणि कॉलेज सकाळचंच. घरात दहावीपुढे कोणी गेलं नव्हतं. मला बी.कॉम. व्हायचंच होतं.

दुपारी पनवेलच्या एसटी स्टँडवर शरीफ थांबलेला असे. "या साहेब, सुटल्या का बोटी?" म्हणत दोघांचे मोबाइल बाकावर एकमेकांना चिकटवायचा आणि ब्लूटूथ लावायचा. फाईल यायला पाऊण तास. मी चहाला हात पुढे केला की ओरडायचा, "हलू नको, लेक्चर सांडेल!"

पहिल्याच आठवड्यात मी कुरकुरलो. "सर म्हणतात, रेघ इथून इथे जाते. मला काय दिसत नाय त्यातलं."

दुसऱ्या दिवसापासून सरांच्या आवाजाखाली शरीफचा आवाज येऊ लागला. "उभी रेघ किंमत. आडवी, किती नग ते. मागणी घसरगुंडीसारखी, वरून खाली. दिसलं का?" आणि मग थोडा वेळ गप्प.

"मधेच गप्प का बसतोस रे?"

"सवय यार. अब्बा कुवेतला ना. घर बांधलं तेव्हा मी चौथीत. अम्मी कॅसेट भरून पाठवायची, घर दाखवायचं काम माझं. जिना इथे, खिडकी इथे, दिसलं का अब्बा? मग उत्तराला जागा सोडायची." तो हसला. "उत्तर दोन महिन्यांनी यायचं."

परीक्षा आठ दिवसांवर आली. शेवटचं प्रकरण मला अजिबात उमगलं नव्हतं. सर त्याची उजळणी एकदाच घेणार होते आणि मला रजा मिळाली नाही.

ते रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी कामावर जाताना बसमध्ये ऐकलं. शरीफचं पुटपुटणं, मग सर कडाडले, "शरीफ, बाहेर!" बाक सरकल्याचा आवाज, पावलं. संपलं सगळं, असं मला वाटलं.

"म्हात्रे, घाबरू नको. व्हरांड्यात आहे. खिडकीतून अर्धा फळा दिसतो."

तो अर्धा त्याने नीट सांगितला. मग चक्क मोठ्याने, "सर, डावीकडे काय काढलंय?"

वर्ग खदखदून हसला. सर खिडकीशी आलेले कळले. "कोणाला हवंय?"

"म्हात्रेला, सर. सकाळी यार्डात असतो."

मग सरांचा आवाज अगदी जवळून, सावकाश आला, "म्हात्रे, लिहून घे."

डावी बाजू पुरी झाली. शेवटी शरीफ हळूच म्हणाला, "दिसलं का?" आणि जागा सोडली.

"दिसलं!" मी भर बसमध्ये म्हणालो. शेजारचे काका वाकून खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर नुसता पळस्पे फाटा होता.