दोन हजार दहा दुसऱ्यांदा घडले

दारावर टकटक करून सेलॉर्मचे काका आत आले, जिनच्या दोन बाटल्या त्यांनी चटईवर ठेवल्या आणि म्हणाले, "तुमच्या अंगणात एक फूल दिसलं. ते मागायला आलोय." इथवर सगळं मागणी घालण्याच्या रीतीप्रमाणे झालं. त्यांच्या मागे उभा असलेला सेलॉर्म हळूहळू दाराकडे सरकत होता, तेवढंच काय ते रीतीत बसत नव्हतं.

त्याला भीती होती ती मुलीच्या आत्याची. झिफाचा बाप साधा माणूस. घरातला हो आणि नाही आब्ला आत्याच्या तोंडून निघायचं.

"फूल मागणारा कुठाय? पुढे या की," आत्या म्हणाली. "रेडिओत असता म्हणे. दिवसभर तिथं करता काय?"

"बातम्या सांगतो, आत्या."

"कुणाच्या?"

"साऱ्या जगाच्या."

"अगं बाई! आणि आपल्याला कुणी विचारत नाही!"

बायका खिदळल्या. स्वयंपाकाच्या छपराखालून डोकावणाऱ्या झिफानेही ओठ दाबले. सेलॉर्मला दरदरून घाम फुटला. तेवढ्यात ताडीच्या दुकानाचा मालक आग्बेको बगलेत रेडिओ मारून धापा टाकत अंगणात शिरला.

"उठा, उठा! जमीन हादरलीय! राजधानी कोसळली!"

"कुठली राजधानी?" झिफाच्या बापाने विचारलं.

"तेवढं खरखरीत गेलं. पण बोलणाऱ्याचा श्वास लागला होता हो! लाखो माणसं गाडली गेलीत म्हणाला!"

आग्बेकोचा रेडिओ म्हणजे खरखर फार आणि शब्द थोडे. गाव डोंगराच्या कुशीत, त्यामुळे लाटा वरच्या वर निघून जायच्या. पण हसायला कुणी धजलं नाही. त्याच वर्षी जानेवारीत भूकंप येणार अशी अफवा उठली होती आणि अर्धा घाना रात्रभर उघड्यावर बसून होता. तेव्हा आला नव्हता.

"तो आत्ता पोचला," बाप हताशपणे म्हणाला. "आपल्या रस्त्यांनी दुसरं काय होणार?"

रेडिओ पुन्हा खाकरला. "...ज्वालामुखी... राखेने आभाळ झाकून गेलंय... एकही विमान उडत नाही..."

सगळ्यांनी वर पाहिलं. आभाळ खरंच राखाडी होतं. डिसेंबर लागला की वाळवंटाकडून धुळीचा वारा येतो आणि आभाळ असंच होतं, हे त्या अंगणातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण भीती शिरली की अक्कल आधी बाहेर पडते.

सेलॉर्मच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने आपल्या रेडिओ केंद्रावर फोन लावला. तिकडे यंत्रावर बसणारा सहकारी होता.

"अरे, भूकंपाचं खरं आहे का?"

"सगळा जिल्हा मला तेच विचारतोय!" पलीकडून रडवेला आवाज आला. "दारात माणसं जमलीत, बायका छाती पिटताहेत! सेलॉर्म, काय झालंय रे?"

फोन कटला. आता खरं-खोटं करायला काही उरलंच नाही.

मग पाद्रीबाबांनी चर्चची घंटा बडवली. घंटा ऐकून पलीकडच्या वाडीतले लोक कोंबड्या काखोटीला मारून इकडे पळत आले. त्यांना येताना पाहून इकडचे म्हणाले, "बघा, तिकडची जमीन फाटली!" आणि इकडच्यांना रडताना पाहून ते म्हणाले, "अरे देवा, इकडचीही!"

"डोंगरावर चला!" कुणीतरी ओरडलं.

सेलॉर्मने धूम ठोकली. काकांना त्याने पहिल्या वळणावर मागे टाकलं, पाद्रीबाबांना दुसऱ्या. एक बूट दगडांत अडकला तो तिथेच सोडला. 'माझं लग्न व्हायच्या आतच?' एवढा एकच विचार डोक्यात घणासारखा आदळत होता, आणि जिच्याशी लग्न करायचं ती मागे राहिली, हे त्याच्या ध्यानात आलं ते माथ्यावर पोचल्यावर. तो लाजेने चूर झाला आणि परत खाली धावणार, तोच झिफा वर आली. तिच्यामागे सारा गाव होता. तिने त्याच्या एका बुटाकडे पाहिलं.

माथ्यावर आग्बेकोच्या रेडिओचा आवाज एकदम स्वच्छ झाला.

"...शेवटचं मिनिट! चेंडू गोलात जातोय... आणि उरुग्वेच्या खेळाडूने तो हाताने अडवलाय! घानाला पेनल्टी... अरेरे! चेंडू आडव्या खांबाला लागलाय!"

"मेल्यांनी पुन्हा हात लावला!" आग्बेको ऊर बडवून रडू लागला.

झिफाच्या बापाने तर बसकणच मारली. "येऊ दे मग भूकंप. आता जगून तरी काय करायचंय?"

"बाबा," झिफा सावकाश म्हणाली, "ही वर्ल्ड कपची मॅच जुलैत झालीय."

तेवढ्यात रेडिओ गोड आवाजात म्हणाला, "तर श्रोतेहो, असं होतं हे सरतं साल. आढावा सादर केला तुमच्या सेलॉर्मने."

सेलॉर्मला जमीन खरोखरच फाटावीशी वाटली. रजेवर यायचं म्हणून त्याने वर्षाचा आढावा आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवला होता, आणि शिळ्या बातम्या कोण ऐकणार, म्हणून सगळं आत्ता घडतंय अशा थाटात, धापा टाकत वाचलं होतं. सहकाऱ्याने ते न ऐकताच लावून दिलं होतं. एकेक मान त्याच्याकडे वळली. पलीकडच्या वाडीतल्या एकाने कोंबडी खाली ठेवून बाह्या सरसावल्या.

"थांबा!" आब्ला आत्या सगळ्यांच्या शेवटी, कमरेवर हात ठेवून वर पोचली होती. "पाहुणे, हा आवाज तुमचा?"

"हो, आत्या."

"जग बुडालं, हे तुम्हीच सांगितलंत?"

"म्हणजे... जरा रंगवून..."

"आणि ते ऐकून सगळ्यांच्या पुढे पळालात, तेही तुम्हीच?"

सेलॉर्मने मान खाली घातली. आत्याने त्याला नखशिखान्त न्याहाळलं आणि झिफाकडे वळली.

"पोरी, तुझ्या आतोबांनी जन्मभर मला थापा मारल्या, पण त्यातल्या एकीवरही त्यांचा स्वतःचा विश्वास नव्हता. हा निदान मनापासून तरी बोलतो. होकार देऊन टाक."