चौथ्या पेल्यातली निलगिरी

माझं नाक हे साधंसुधं नाक नाही. ऑफिसच्या लिफ्टमध्ये शिरलो की आपल्याआधी कोण वर गेलं ते मी सांगू शकतो. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडायच्या आत कुणाच्या डब्यात काय आहे ते ओळखतो, आणि चुकलोच तर चूक डबा भरणाऱ्याची असते. घरी दूध उतू जाणार हे मला सगळ्यांच्या आधी कळतं. बायको म्हणते, मग उठून गॅस का बंद करत नाही? पण ते काम नाकाचं नाही.

त्यामुळे रिटायर होणाऱ्या साहेबांच्या निरोपाची भेट निवडायची वेळ आली तेव्हा सगळ्या ऑफिसने माझ्याकडे पाहिलं. आमची कंपनी पाण्याचे पंप बनवते. साहेबांनी आधीच बजावून ठेवलं होतं, "मला घड्याळ देऊ नका. आता वेळ बघून मी काय करणार? एक चांगली सिंगल माल्ट व्हिस्की द्या. आणि निवड तुम्ही दोघांनी करा."

दोघं म्हणजे मी आणि विश्वकोश. विश्वकोश हा आमचा विक्री विभागातला सहकारी. या माणसाला ताप आलाय म्हणून सांगा, तो थर्मामीटरचा शोध कसा लागला तिथपासून सुरुवात करतो. विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी होती. ती मला द्यायची की त्याला, हे साहेब जाता जाता ठरवणार होते. "ज्याला एक बाटली धड निवडता येत नाही, तो माणसं काय निवडणार?" असं ते आमच्या दोघांच्या तोंडावरच म्हणाले. म्हणजे बाटलीत नुसती व्हिस्की नव्हती, माझी खुर्ची होती.

"नाकाचं काम आहे ना? मग खुर्ची आपली समजा," असं मी बायकोला सांगून टाकलं.

आणि नेमका ज्या शनिवारी दुपारी व्हिस्की चाखायला जायचं, त्याच सकाळी मला सर्दी झाली. सर्दी म्हणजे कशी? दोन्ही नाकपुड्या बंद. कुणीतरी आतून सिमेंट लावल्यासारख्या. चहा प्यालो तर गरम आहे एवढंच कळलं.

बायकोने वाफ दिली. छातीला बाम चोळला, पाठीला चोळला, कपाळाला चोळला. मी दारात चपला घालत होतो तेवढ्यात बोटभर बाम माझ्या मिशीलाही फासला.

"अगं, काय करतेस?"

"एवढ्या मोठ्या नाकाची कामगिरी आहे, रस्ता मोकळा नको का?"

दुकानाच्या मागे एक छोटी खोली होती. बिनखिडकीची, मध्ये लांब टेबल, त्यावर पांढरं कापड आणि पाच बाटल्या. दुकानदार हळू आवाजात बोलणारा, टापटीप माणूस. सिंगल माल्ट म्हणजे एकाच कारखान्यात, फक्त जवापासून काढलेली आणि लाकडी पिंपात वर्षानुवर्षं मुरवलेली व्हिस्की, हे त्याने आम्हांला सांगितलं. विश्वकोशने त्याला पिंपाच्या लाकडाबद्दल सांगितलं. वर्गणी गोळा करणाऱ्या आमच्या रोखपाल बाईही सोबत होत्या. त्या म्हणाल्या, "लवकर आटपा, मला भाजी घ्यायची आहे."

दुकानदाराने पहिला पेला भरला. मी तो हातात घेतला, गोल गोल फिरवला, डोळे मिटले आणि नाक आत घातलं. काही नाही. शून्य. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. तेवढ्यात कुठूनतरी एक बारीक झुळूक आत गेली आणि मी सुटकेने म्हणालो, "निलगिरी."

"निलगिरी?" दुकानदार दचकला. "यात मध आहे, सफरचंद आहे. निलगिरी नाही."

विश्वकोश माझ्या खांद्याला खांदा लावून बसला होता. मला कळलं आणि त्याला कळलं नाही, असं तो मेला तरी होऊ देणार नव्हता. त्याने आपला पेला नाकाला लावला, भरपूर वास घेतला आणि मान डोलावली. "आहे तर. स्पष्ट निलगिरी. मागे किंचित कापूरही आहे."

रोखपाल बाईंनी पेला हुंगला. "मला तर बामाचा वास येतोय."

"बाम नाही हो बाई," विश्वकोश हसला. "निलगिरी. याला अभ्यास लागतो."

दुसऱ्या पेल्यातही निलगिरी. तिसऱ्यातही. दुकानदाराने पेले बदलले, गरम पाण्याने विसळले, नवीन बाटल्या फोडल्या. मग स्वतः पेला घेऊन माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, हुंगला, आणि बिचाऱ्याच्या कपाळावर घाम आला. "येतोय की हो," तो पुटपुटला. "आयुष्यभर व्हिस्की विकतोय मी. मला हा वास कधी आलाच नाही."

मला त्याची दया आली. पण थांबायचं कसं? माझी खुर्ची त्या टेबलावर होती.

चौथ्या पेल्याने मात्र कमाल केली. ही व्हिस्की म्हणे धुरावर सुकवलेल्या जवाची. एक घोट घेतला आणि घशातून नाकापर्यंत अशी काही धग चढली की माझी डावी नाकपुडी उघडली. सकाळपासून पहिल्यांदा मी माणसासारखा श्वास घेतला. आणि श्वासाबरोबर जे आत आलं त्याने माझी खात्री पटली की आता शिंक येणार.

मी बाहेर पळालो. फुटपाथवर मनसोक्त शिंकलो. तेवढ्यात फोन वाजला. बायको.

"अहो, मिशीचा बाम पुसलात ना? वास मारतो त्याचा. दुकानात बसाल तसेच."

मी मिशीला हात लावला. बोट हुंगलं. रोखपाल बाईंचं नाक माझ्याहून चांगलं आहे हे मला त्या क्षणी कळलं. खिशातून रुमाल काढला, पुसणार तेवढ्यात आतून विश्वकोशची हाक आली, "अहो, लवकर या. वास गेला."

आत गेलो तर तिघं चौथ्या पेल्यावर वाकले होते. दुकानदार म्हणाला, "तुम्ही बाहेर गेलात आणि निलगिरी नाहीशी झाली. नुसता धूर राहिला." मी पेला हातात घेतला, सवयीने फिरवला, टेबलावर वाकून त्याच्यापुढे धरला.

"आली," दुकानदार म्हणाला. त्याच्या डोळ्यांत श्रद्धा होती. "साहेब, तुमच्या हातात आहे काहीतरी. कुणी तसा पेला फिरवला म्हणजे व्हिस्की उघडते, असं ऐकून होतो. आज पाहिलं."

विश्वकोश पेला फिरवायला लागला. उजवीकडे, डावीकडे, पार मनगट दुखेपर्यंत. पण माझ्यापासून लांब बसून. त्याला कसली येतेय निलगिरी!

"चौथी," मी म्हणालो, आणि रुमाल न वापरताच खिशात ठेवला.

निरोपाच्या दिवसापर्यंत सर्दी पार बरी झाली. मीटिंगच्या खोलीत फुगे लावले होते. विश्वकोशने भाषण केलं आणि त्यात चौथ्या बाटलीतल्या निलगिरीचं असं वर्णन केलं की जणू ते झाड त्यानेच लावलं होतं. साहेबांनी बाटली उघडली, थोडी ओतली, हुंगली. पुन्हा हुंगली.

"धूर आहे. छान आहे. पण ती निलगिरी कुठे आहे?"

विश्वकोश लगेच एक पाऊल मागे सरकला. "निवड यांची आहे, साहेब."

सगळं ऑफिस माझ्याकडे बघत होतं, आणि साहेबही. खुर्ची माझ्या डोळ्यांदेखत विश्वकोशकडे चालली होती. आणि मग मला माझा टेबलाचा ड्रॉवर आठवला. बायकोने त्यात बामाची डबी ठेवायला लावली होती. पुन्हा सर्दी झाली तर असावी म्हणून.

"साहेब, एक मिनिट. हात धुऊन येतो. असल्या व्हिस्कीला कोरा हात लागतो."

ड्रॉवर उघडला. घाईत बोट डबीत खोल गेलं. मिशीला लावलं, तळहातांना लावलं, उरलेलं कुठे पुसू म्हणून गालांनाही लावलं. परत येईपर्यंत माझे डोळे धगधगायला लागले होते. मी साहेबांच्या हातातला पेला अलगद घेतला, अगदी जवळ उभा राहिलो आणि हळूहळू फिरवला.

साहेबांनी नाक पुढे केलं.

"अरे वा," साहेब म्हणाले. "आली की."

त्यांनी वर पाहिलं तर माझ्या दोन्ही डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागलेल्या. थांबवता थांबत नव्हत्या. साहेबांचा आवाज एकदम जड झाला. "अरे, रडतोस काय? मी काय परगावी चाललोय का?" त्यांनी मला मिठी मारली. मग त्यांचेही डोळे झोंबायला लागले आणि आम्ही दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून रडलो. सगळ्या ऑफिसने टाळ्या वाजवल्या. मागे विश्वकोश दोन्ही डोळे चोळत होता, पण त्याला काही केल्या पाणी येईना.

खुर्ची मला मिळाली. तिला चाकं आहेत आणि ती मागे रेलते. घरी आलो तेव्हा मी बायकोला एवढंच म्हणालो, "नाक." ती म्हणाली, "आधी तोंड धुवा."

आता दर शनिवारी संध्याकाळी साहेब मला घरी बोलावतात. माझ्याशिवाय बाटली उघडतच नाहीत. मी बाम लावून जातो, पेला फिरवून देतो, ते हुंगतात, डोळे मिटतात आणि पंपांच्या जुन्या गोष्टी सांगतात. नवीन विभागप्रमुख म्हणून मला त्या ऐकाव्या लागतात, आणि खरं सांगायचं तर मला त्या आवडायलाही लागल्या आहेत.

गेल्या शनिवारी निघताना साहेबांच्या मिसेस मला दारापर्यंत सोडायला आल्या. दार ओढून घेत हळूच म्हणाल्या, "भाऊजी, पुढच्या वेळी बाम जरा बेताने लावा. पडद्यांना वास राहतो."

माझा हात मिशीकडे गेला. "वहिनी, तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी कळलं. माझं नाक तसं बरं आहे." त्या हसल्या. "यांना मात्र काही बोलू नका. रिटायर झाल्यापासून सोमवारपासून शनिवारची वाट बघतात. आणि यायचं थांबवू नका, सर्दी असो नसो."

तर मंडळी, दर शनिवारी बेताने बाम लावून मी जातो. कुणी विचारलं तर चौथ्या बाटलीबद्दल अर्धा तास बोलू शकतो. धूर, पिंप, निलगिरी, सगळं. फक्त तिची खरी चव कशी आहे ते तेवढं विचारू नका. मिशीला बाम असताना कुणाला कळणार?