अण्णांची केळीची नोट

आमच्या नौबादमध्ये माणिकअण्णांच्या घराची बेल वाजवली की दार उघडत नाही, खिडकी उघडते. गजांतून आधी चष्मा दिसतो, मग आवाज येतो. "कुठून आलास? कुणी पाठवलं? पिशवीत काय हाय?" याची उत्तरं पटल्याशिवाय कुणी आत गेल्याचं मला आठवत नाही. एकदा त्यांची सख्खी बहीण भालकीहून हुरडा घेऊन आली, तर तिलाही पिशवी उघडून दाखवावी लागली. मूठभर हुरडा खाऊन झाल्यावर अण्णा म्हणाले, "माल ठीक हाय. ये आत."

ही खोड नोकरीतली. अण्णांनी अख्खी हयात महाराष्ट्राच्या हद्दीवर, विक्रीकराच्या चेकपोस्टवर ट्रक तपासण्यात घालवली. पुढे अण्णा रिटायर झाले, चेकपोस्टही उठलं. पण त्यांच्या मनातला आडवा बांबू कधी वर गेलाच नाही. दूधवाला दोन दिवस वेळेवर आला तरी त्यांना शंका येते. "कामून एवढा वेळेवर यायलाय? काहीतरी भानगड हाय."

मी त्यांचा शेजारी. झेरॉक्स-लॅमिनेशनचं दुकान चालवतो आणि फारसा बोलत नाही. जे सांगणार आहे ते बायकोलाही कितीतरी दिवस सांगितलं नव्हतं.

अण्णांना छंद एकच. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी जे जे मुलूख जिंकले, तिथं तिथं आपल्या नोटा छापून वाटल्या. बर्मा, मलाया, फिलिपाइन्स. जपान हरला आणि त्या नोटांची रद्दी झाली. ही रद्दी अण्णा हैदराबादच्या जुन्या बाजारातून, टपालाने, कुठून कुठून मिळवतात आणि अल्बममध्ये लावतात. आमची ओळखही त्यावरूनच झाली. एक नोट घेऊन ते दुकानात आले आणि म्हणाले, "रंगीत झेरॉक्स मार."

मी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. नोटांची झेरॉक्स मिळणार नाही.

"ही नोट कुणाची हाय?"

"जपान सरकारची दिसायलीय, अण्णा."

"मग त्या सरकारचा बर्म्यातला पत्ता सांग. परवानगी मी काढून आणतो."

मी झेरॉक्स मारून दिली. बाहेर पडताना त्यांनी मशीनच्या काचेखाली वाकून बघितलं, मी एखादी प्रत चोरून ठेवली की काय म्हणून.

अल्बममधल्या सगळ्या नोटांना ते चिमट्यानं धरत. एका नोटेला तर चिमटाही लावत नसत. तिचं पान फक्त उघडायचं आणि मिटायचं. अण्णांचे वडील निजामाच्या फौजेत शिपाई होते. फौजेबरोबर मलायाला गेले, सिंगापूर पडलं तेव्हा कैद झाले. परत आले ते नुसता सापळा होऊन, आणि खिशात चार घड्या घातलेली दहा डॉलरची एक जपानी नोट. तिच्यावर घडासकट केळीचं झाड. अण्णांची आई ती घेऊन औरादच्या बाजारात गेली. वाण्यानं नोट उलटीपालटी केली आणि विचारलं, "अक्का, केळी घ्यायलाव का विकायलाव?" सगळा बाजार हसला. आईनं नोट देव्हाऱ्यात ठेवून दिली. मागाल तेव्हा पैसे देऊ असं तिच्यावर छापलेलं होतं, आणि सरकार आज ना उद्या शब्द पाळेल असं त्या माउलीला वाटत राहिलं.

"तवापासून," अण्णा म्हणायचे, "छापील बोलण्यावर माझा भरवसा न्हाई. तोंडी बोलण्यावर तर त्याच्या आधीपासून न्हाई."

गेल्या वर्षी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते मुलाकडे बेंगळुरूला निघाले. निघताना अल्बम माझ्या हातात दिला. मी चकित झालो. "तू कमी बोलतोस," ते म्हणाले. "कमी बोलणारा माणूस एक तर सरळ असतो, न्हाईतर पक्का चोर. तू कोणता ते आल्यावर बघतो."

मी चोर नव्हतो. मी लॅमिनेशनवाला होतो, आणि तेच नडलं.

ती केळीची नोट घड्यांवर फाटत चालली होती. आमच्या धंद्यात फाटका कागद दिसला की हात शिवशिवतात. लोकांची रेशनकार्डं, दहावीच्या मार्कलिस्टा, देवांचे फोटो, सगळं मी प्लास्टिकमध्ये घालून अमर केलेलं. वाटलं, अण्णा येतील, बघतील, खूश होतील. नोट मशीनमध्ये सरकवली. जुना कागद, त्यात मशीन जास्त तापलेलं. नोट निघाली ती भाजलेल्या पापडासारखी गोळा होऊन. केळीचं झाड मधूनच वाकलं होतं आणि घड कुठं गेला ते कळत नव्हतं.

मी दुकानाचं शटर खाली ओढलं आणि दुपारभर आत बसून राहिलो.

मग डोकं चाललं. या नोटेवर नंबर नसतो, नुसती दोन इंग्रजी अक्षरं असतात. अण्णाच म्हणायचे, "बिननंबरची नोट म्हणजे बिनपासिंगची गाडी. कुणाची म्हणून सांगणार?" तीच अक्षरं असलेली नोट मी मोबाइलवर शोधून मागवली. किंमत एवढी कमी होती की आधी मलाच संशय आला, ही तरी खरी असेल का. आली ती कोरी करकरीत. मी तिला चार घड्या घातल्या, चुरगाळली, चहात बुडवली, वाळवली आणि त्या पानात लावून टाकली.

अण्णा परत आले. नव्या डोळ्यांनी, भिंगातून, एकेक पान बघितलं. त्या पानाशी बराच वेळ थांबले. मग त्यांनी अल्बम मिटला. "बरं. उद्या संध्याकाळी ये. बर्मा दाखवतो."

मी गेलो. तिसऱ्या दिवशी फिलिपाइन्स होतं, तेव्हाही गेलो. नाही म्हणायची हिंमतच होत नव्हती. मला बघून खिडकी उघडायची बंद झाली, थेट दार उघडायला लागलं, आणि त्यानं मी जास्तच घाबरलो. अण्णांचं प्रत्येक वाक्य मला माझ्यावरच आल्यासारखं वाटे. एकदा ते म्हणाले, "आजकाल लोक सर्रास माल बदलायलेत." मी बशी खाली ठेवून उठायला लागलो. त्यांना चहापत्तीबद्दल बोलायचं होतं. बायको विचारायची, "रोज रोज कामून जायलाव तिकडं? अण्णांनी काय मंतर घातलाय का?" हा माणूस ओळखून आहे की नाही, एवढं एकच मला कळायला हवं होतं.

परवा अण्णांनी ते पान उघडलं आणि माझ्यापुढं सरकवलं.

"पोराला यातलं काही नको. म्हणतो, फेकून द्या. माझ्या मागं ही नोट तू ठेव. माझ्या बाची हाय."

मग मात्र मला राहवलं नाही. मान खाली घालून सगळं सांगितलं. मशीन, पापड, मोबाइल, चहा. जळकी नोट दुकानाच्या गल्ल्यात जपून ठेवलीय, हेही सांगितलं.

अण्णांनी अल्बम आपल्याकडे ओढून घेतला. मग म्हणाले, "आलं घातलं होतंस."

"काय?"

"चहात. पान उघडलं तसा वास आला. माझा बा साडेतीन वर्सं कैदेत होता, सुभाष. त्याला तिथं आल्याचा चहा कुणी पाजला असंल?"

"म्हणजे तुम्हाला पहिल्याच दिवशी..."

"मी चेकपोस्टवर होतो बाबा. तिथं काय भाजीपाला विकत होतो?"

"मग बोलला का नाहीत, अण्णा? शिव्या द्यायच्या, दोन लगावायच्या."

त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. नव्या डोळ्यांना त्याची गरज नव्हती, तरी पुसत राहिले.

"रडलो त्या रात्री. खोटं कशाला बोलू. पण दुसऱ्या दिवशी तू आलास. तिसऱ्या दिवशी आलास. माझी घरवाली शेवंता गेल्यापासनं या घरात कुणी दोनदा बसलं न्हाई, सगळ्यांना मीच हाकललं. म्हटलं, बोललो तर ह्यो माफी मागंल, मोकळा होईल, आन् यायचा बंद होईल."

मी उठलो. म्हटलं, "गल्ल्यातली नोट आत्ता आणून देतो."

"आत्ता नको," अण्णा घाईनं म्हणाले. "उद्या आण. उद्या दुकानात गर्दी असली तर परवा आण. पण ये."